स्कॉटलंडात कमी पैशात फीचर फिल्म: पैसा नक्की जातो कुठे?

कृष्णाकाठ
'परदेशातलं शूटिंग' वाल्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो की इथे ग्लासगोत नोकरी सांभाळून छोट्या फिल्म्सवर साउंडला जातो, बूम (लांब दांडीवरचा माइक) धरतो, तेव्हापासून व्यनित (खासगी निरोपात) एकच प्रश्न, "किती पैशात होते रे फिल्म?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

स्कॉटलंड म्हटलं की आपल्याकडे आयलन डोनन किल्ल्यासमोरचे शाहरुख-काजोल आठवतात ('कुछ कुछ होता है', 1998), नाहीतर 2020 ला ऐन कोविडमधे युनिट विमानात घालून ग्लासगोला आलेलं अक्षयकुमारचं 'बेल बॉटम'. ते सोडून द्या, तो बाहेरून आलेला पैसा, आला आणि गेला. मी बोलतोय ते इथल्याच लोकांनी, इथल्याच बोलीत, लाख-दीड लाख पौंडात आणि कधीकधी त्याच्या दशांशात केलेल्या फिल्म्सबद्दल.

माझं मत आधीच टाकतो म्हणजे भांडायला बरं. कमी बजेट हे शूटिंगला ठरत नाही, लिहिताना ठरतं. मोठी स्क्रिप्ट घेऊन मग कात्री लावत बसलात की पडद्यावर दारिद्र्य दिसतं, लग्नाच्या हॉलचं भाडं भरलं आणि जेवणाला पैसे उरले नाहीत तसं. हातात काय आहे ते बघून लिहिलंत तर कोणाला पत्ताही लागत नाही.

बिल फोर्साइथ या स्कॉटिश दिग्दर्शकाचंच घ्या. 'ग्रेगरीज गर्ल' ची स्क्रिप्ट त्याच्याकडे आधीपासून तयार होती, बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) पैसे दिले नाहीत. म्हणून हा रडत बसला नाही, ग्लासगो यूथ थिएटरची पोरं हाताशी होती, त्यांच्यावर बेतून दुसरीच गोष्ट लिहिली, 'दॅट सिंकिंग फीलिंग'. बेकार पोरं गोदामातून स्टेनलेस स्टीलची सिंकं चोरायचा बेत करतात, एवढंच. 1979 साली, काही हजार पौंडात. पडका ग्लासगो, पाऊस, काम नसलेली पोरं हे सगळं फुकट होतं आणि गोष्टच त्याची होती, त्यामुळे काही कमी पडलंय असं वाटतच नाही. मग 'ग्रेगरीज गर्ल' ला साधारण 2 लाख पौंड जमले, कंबरनॉल्ड नावाच्या नवीन वसवलेल्या गावात शूट, यूथ थिएटरची बरीच पोरं तीच, आणि क्लेअर ग्रोगन तर त्याला हॉटेलात वेट्रेसचं काम करताना दिसली आणि घेतली. 1982 ला पटकथेचं बाफ्टा (ब्रिटिश फिल्म पुरस्कार) मिळालं.

आता पैसा जातो कुठे. कॅमेऱ्यात नाही, कॅमेरा सगळ्यात स्वस्त, ब्लॅकमॅजिक कंपनीचा कोणा ना कोणाकडे पडलेला असतोच. पैसा जातो माणसांच्या झोपण्यात, खाण्यात, व्हॅनमधे आणि विम्यात. माणसं कामाला ठेवली की एम्प्लॉयर्स लायबिलिटीचा (कामावर कोणाला इजा झाली तर भरपाईचा) विमा कायद्याने लागतो, किमान 50 लाख पौंडांचं कव्हर, वर कौन्सिलला रस्त्यावर शूट करू द्यायला पब्लिक लायबिलिटीचा (बाहेरच्या कोणाचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा) कागद हवा असतो. आणि उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समधे जुलैत खोल्यांचे भाव विचारू नका, सगळं जग तेव्हाच तिकडे आलेलं असतं. पंधरा माणसं ग्लासगोत आपापल्या घरी झोपली तर खर्च शून्य, तीच स्काय बेटावर नेली की बजेटचा एक मोठा लचका नुसत्या गाद्यांवर गेला.

---

ठसका
वा! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बूम धरून हात दुखत नाहीत का हो?

---

कृष्णाकाठ
@ठसका, हात दुखतात ते चालतं, खरा वैरी वेगळाच आहे, मिज. चिलटांपेक्षाही बारीक, चावणारे, मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत आणि ढगांनी. वारा जरा वाहता असला की त्यांना उडता येत नाही, ताशी सात मैलांच्या वर म्हणतात. आणि वारा असला की माझ्या माइकवर घूं घूं सुरू, कितीही केसाळ कव्हर घाला. म्हणजे वारा पडला की साउंड स्वच्छ, पण नटाच्या भुवयांवर मिज, तो संवाद म्हणता म्हणता नाक उडवतोय, मेकअपवाली बाई स्प्रे घेऊन धावतेय, स्प्रेने मेकअप ओघळतोय. आणि वारा सुटला की नट खूश, कॅमेरा खूश, दिग्दर्शक वळून माझ्याकडे बघतो, "मिळालं ना?" मी म्हणतो डब करा. तो म्हणतो डबिंगला पैसे कुठेत. क्रू सगळा डोक्यावर जाळ्या घालून मधमाश्या पाळल्यासारखा उभा, उघडा फक्त नट.

भर म्हणून दऱ्याखोऱ्यांतून रॉयल एअर फोर्सची जेट्स अगदी खालून सरावाला जातात, ती कुठल्या टेकला येतील काही नेम नाही.

---

जुना_प्रेक्षक
कृष्णाकाठ, छान लिहिताय. पण फोर्साइथपासून सुरुवात केलीत हे थोडं खटकलं. त्याआधी दिग्दर्शक बिल डग्लस आहे. आम्ही फिल्म सोसायटीत त्याची त्रयी बघितली होती, 'माय चाइल्डहुड' (1972), 'माय एन फोक' (1973) आणि 'माय वे होम' (1978), एडिनबराजवळच्या न्यूक्रेगहॉल या खाणकामगारांच्या वस्तीतलं त्याचं स्वतःचं बालपण. कृष्णधवल, संवाद जवळजवळ नाहीतच. स्कॉटलंडातल्या 'फिल्म्स ऑफ स्कॉटलंड' कमिटीने पैसे नाकारले, त्यांना प्रगतिशील, हसरा स्कॉटलंड दाखवायचा होता आणि हा उपाशी पोरं दाखवतोय. शेवटी लंडनहून बीएफआयच्या मामून हसन यांनी पाठीशी उभं राहून ती करवून घेतली. म्हणजे ज्या बीएफआयने फोर्साइथला नाही म्हटलं त्यांनीच डग्लसला हो म्हटलं होतं, हेही लक्षात असू द्या.

त्यातला मुख्य मुलगा स्टीफन आर्चिबाल्ड, तो आणि त्याचा मित्र शाळा बुडवून बसस्टॉपवर होते आणि त्यांनी डग्लसकडे सिगारेट मागितली, तिथेच निवड झाली असं सांगतात. अभिनय शिकलेल्या मुलाकडून ते डोळे मिळालेच नसते.

आणि मार्गारेट टेट यांना विसरू नका. ऑर्कनी बेटांवरच्या, मूळच्या डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलातून आपल्या भारतातही येऊन गेलेल्या. पुढे रोमला जाऊन सिनेमा शिकल्या आणि जन्मभर बहुतेक स्वतःच्या खिशातून छोट्या छोट्या फिल्म्स करत राहिल्या, तीसच्या वर. पूर्ण लांबीची एकच, 'ब्लू ब्लॅक पर्मनंट', 1992 साली, सत्तरी उलटल्यावर. स्कॉटिश बाईने दिग्दर्शित केलेली पहिली फीचर फिल्म म्हणून तिचंच नाव घेतात. 1992! म्हणजे बघा किती उशीर.

---

कृष्णाकाठ
काका, हे राहिलंच होतं, बरं झालं लिहिलंत. पण डग्लस माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे की नाही? स्वतःची गल्ली, रस्त्यावरचा पोरगा. जे होतं त्याच्यावर लिहिलं.

---

जुना_प्रेक्षक
अहो बाजू कसली. डग्लसकडे हाताशी होतं म्हणून त्याने लिहिलं नाही, त्याला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. पैसे कमी हा त्याच्यासाठी नुसता त्रास होता. तुम्ही कमी पैशाला कलेचं टॉनिक करून टाकू नका म्हणजे झालं.

---

टीकाराम
काकांना +१००. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू का, या "फक्त 5 हजार पौंडात केली" वाल्या बातम्यांची. 5 हजारात होत नाही कुठलीच फिल्म. 5 हजार रोख लागले, बाकीचं लोकांनी आपल्या खिशातून, आपल्या झोपेतून आणि आपल्या बायकोच्या पगारातून भरलं. हिशोब करा की. यूकेत एप्रिल 2025 ला किमान वेतन 21 वर्षांवरच्यांना ताशी 12.21 पौंड झालं. बारा माणसं, दिवसाचे दहा तास, 18 दिवस, 26 हजारांच्या वर जातं आणि हे नुसतं किमान, सुट्टीचे पैसे वेगळे, शिवाय सेटवर दहा तासात कोण घरी जातं. मग 5 हजारांची फिल्म कशी झाली? बाकीचे 21 हजार क्रूने दिले. त्यांची नावं निर्माता म्हणून टाका ना मग.

---

सई_एडिनबरा
टीकाराम बरोबर बोलतायत, फक्त एक भर घालते, मी प्रॉडक्शन अकाउंट्समधे आहे म्हणून. "डिफर्ड पेमेंट", म्हणजे फिल्मने कमावलं की देऊ, असं कागदावर लिहून घेतलं म्हणून किमान वेतनाचा कायदा टळत नाही. माणूस जर तुम्ही सांगाल त्या वेळेला, सांगाल तिथे येऊन काम करत असेल तर तो कामगार आहे, बात खतम. चार दोस्त मिळून समान भागीदारीत करतायत ते प्रकरण निराळं. पण कॉलशीट (कोणी कधी, कुठे यायचं तो कागद) काढून सहा वाजता बोलावलंत आणि "अनुभव मिळेल" म्हणालात तर उद्या तुमच्यावर केस होऊ शकते आणि झालीच पाहिजे.

आता चांगली बातमी. यूकेचा जुना टॅक्स रिलीफ होताच, पण छोट्या फिल्म्ससाठी आता इंडिपेंडंट फिल्म टॅक्स क्रेडिट आलंय, 1 एप्रिल 2024 नंतर शूटिंग सुरू झालेल्या फिल्म्सना, क्लेम 2025 पासून. मूळ खर्चाच्या जास्तीत जास्त 80 टक्क्यांवर 53 टक्के. समजा दीड लाखाचं बजेट आणि सगळा खर्च इथेच, तर 1,20,000 वर 53 टक्के म्हणजे 63,600, त्यातून कर वजा जाऊन हातात 47,700. जवळजवळ एक तृतीयांश बजेट सरकार परत देतं! लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश नागरिक किंवा इथला रहिवासी हवा, नाहीतर अधिकृत को-प्रॉडक्शन (भारत-यूकेचा तसा करार आहे, आपल्या लोकांना उपयोगी), बीएफआयच्या कल्चरल टेस्टमधे (फिल्म किती ब्रिटिश ते बघणारी) 35 पैकी 18 गुण, आणि फिल्म थिएटरला लावायच्या हेतूने केलेली हवी.

मेख अशी की हा पैसा शूटिंगला मिळत नाही. खर्च करा, हिशोब ठेवा, कंपनीचं रिटर्न भरा, मग येतो. तोवर व्हॅनवाला थांबत नाही. त्यामुळे त्या येणाऱ्या पैशावर कर्ज काढतात आणि देणारा आपलं व्याज आणि फी आधीच कापून घेतो. छोट्या रकमेला तर कर्ज द्यायला फारसं कोणी उत्सुकही नसतं, कागदपत्रं तेवढीच करावी लागतात ना. पावत्या ठेवा, एवढंच सांगते. टेस्कोच्या दूधब्रेडची सुद्धा.

---

मी_पुणेकर_नाही
बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. तिकडे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो ना, मग दिवसाला जास्त सीन काढून आठवड्यात फिल्म का नाही संपवत?

---

कृष्णाकाठ
अजिबात बाळबोध नाही, नवे निर्माते हेच म्हणतात. जूनमधे ग्लासगोत साडेचारला उजाडतं आणि दहाला मावळतं हे खरं, पण माणसं तीच. दोन दिवसांच्या मधे 11 तास विश्रांती हा नियम आहे, आणि नियम नसता तरी चौदाव्या तासाला फोकस पुलरचे (लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याचे) डोळे काम करत नाहीत. आणि उलटं बघा, स्क्रिप्टमधे रात्रीचे सीन असतील तर जूनमधे रात्रच मिळत नाही, कामापुरता काळोख कसाबसा तीनेक तास, तेवढ्यात लाइट लावा, रिहर्सल करा, खा. म्हणून म्हणतो लेखकाने कॅलेंडर उघडून लिहावं. रात्रीचे सीन असतील तर डिसेंबर, पावणेचारला सूर्य मावळतो, संध्याकाळी सातला मध्यरात्र शूट करा आणि दहाला शेवटची बस पकडून घरी जा. मात्र दिवसाचे सीन असतील तर डिसेंबरमधे नऊ ते तीन एवढाच दिवस, आणि तोही राखाडी.

राखाडीचा फायदाही आहे, ढगाळ उजेड दिवसभर सारखा राहतो, सावल्यांची कंटिन्युइटी सांभाळावी लागत नाही. वाईट दिवस तो, जेव्हा दहा मिनिटं ऊन, दहा मिनिटं पाऊस, मग इंद्रधनुष्य. टुरिस्ट टाळ्या वाजवतात, आमची एडिटर शिव्या घालते.

समुद्रकिनाऱ्यावर शूट असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक कॉलशीटला जोडलेलं असतंच. बेटावर असेल तर बोटीचं. आमची एकदा बोट रद्द झाली, कंपनीचं नाव घेत नाही, आणि हिरॉइन या किनाऱ्यावर, कॅमेरा त्या किनाऱ्यावर. दिग्दर्शिकेने उभ्या उभ्या बसून सीन बदलला, नवऱ्याचं आणि तिचं भांडण फोनवर झालं. आधी स्वयंपाकघरात समोरासमोर होतं. फोनवरचं जास्त चांगलं झालंय हो, तो एकटा बोलतोय आणि किटली शिट्टी मारतेय, तिचा आवाज आम्ही नंतर टाकला.

---

टीकाराम
"उभ्या उभ्या बसून" हे काय असतं? :)

---

कृष्णाकाठ
स्कॉटलंडात असतं. पाऊस असतो ना, खुर्ची ओली.

---

ठसका
मी हल्लीच 'शॅलो ग्रेव्ह' परत बघितला, तो पण एका फ्लॅटमधेच घडतो जवळजवळ. तो कमी बजेट मधे धरायचा का? दिसतो तर एकदम झकपक.

---

सई_एडिनबरा
धरायचा की. साधारण 10 लाख पौंड, त्यात चॅनल फोर या टीव्ही वाहिनीचे मुख्य, आणि ग्लासगो फिल्म फंडाचे दीड लाख. आता गंमत बघ, गोष्ट एडिनबराची, बाहेरचे रस्ते एडिनबराचे, पण तो फ्लॅट ग्लासगोत एका गोदामात बांधलेला सेट आहे. ग्लासगोचा पैसा घेतला की ग्लासगोत खर्च करायचा, सरळ हिशोब. शेवटी शेवटी फिल्म रोल घ्यायला सेटवरच्या वस्तू विकल्या म्हणतात. 'ट्रेनस्पॉटिंग' सुद्धा तसंच, एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरची ती पळापळ सोडली तर बराचसा ग्लासगोत, सिगारेटच्या एका बंद कारखान्यात सेट लावून. आम्ही एडिनबरावाले अजून यावरून टोमणे खातो.

एक खरं, दोन्हींचा दिग्दर्शक डॅनी बॉइल वगैरेंनी 'शॅलो ग्रेव्ह' ला एका घरात गोष्ट कोंडली म्हणून पैसा भिंतींच्या रंगावर खर्च करता आला. तोच पैसा दहा लोकेशन्सवर पसरला असता तर प्रत्येक ठिकाणी पातळ झाला असता. इथे मात्र कृष्णाकाठ बरोबर आहे.

---

कृष्णाकाठ
धन्यवाद सईताई, "इथे मात्र" बद्दल विशेष.

नियम घालून घेतल्याने कसं काम होतं याचं अजून एक उदाहरण, 'रेड रोड' (2006). डेन्मार्कची झेंट्रोपा आणि ग्लासगोची सिग्मा फिल्म्स या कंपन्यांनी मिळून एक खेळ मांडला, तीन नवे दिग्दर्शक, तीन फिल्म्स, पण पात्रं तीच, ती करणारे कलाकार तेच, सगळं स्कॉटलंडात, शूटिंग सहा आठवडे, डिजिटलवर. अँड्रिया अर्नोल्डने ग्लासगोतल्या रेड रोडच्या उंचच उंच सरकारी इमारती आणि सीसीटीव्हीच्या खोलीत बसून पडदे बघणारी बाई घेतली, आणि पहिल्याच फीचरला कान फेस्टिव्हलला ज्युरी प्राइझ. दुसरी फिल्म 'डाँकीज' 2010 ला आली, तिसरी झालीच नाही. त्या इमारतीही आता नाहीत, 2015 पर्यंत पाडून टाकल्या.

सिग्माच्याच डेव्हिड मॅकेन्झीने 2010 च्या 'टी इन द पार्क' संगीत महोत्सवात घुसून पाचेक दिवसांत 'यू इन्स्टेड' शूट केली. हजारो माणसांची गर्दी, स्टेज, चिखल, लाइट, सगळं आयतं. फिल्म काय फार भारी नाहीये, पण एवढी गर्दी एक्स्ट्रा म्हणून आणायची तर किती पौंड लागले असते विचार करा.

---

अबर्डीनकर
इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोच. मी अबर्डीनला, ऑफशोअरला इंजिनिअर. गेली काही वर्षं एक स्क्रिप्ट डोक्यात आहे, ऑइल रिगवर एक मराठी माणूस, वादळ, हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, आणि रिगवर एक मृत्यू. बाजूला टाकलेले 15 हजार पौंड आहेत, बायकोला माहीत आहे (टीकाराम, लक्षात घ्या). होईल का?

---

टीकाराम
बायकोला माहीत आहे म्हणजे अर्धी फिल्म झाली. उरलेल्या अर्ध्यात रिग आहे, ती नाही होणार.

---

सई_एडिनबरा
रिग विसरा हो दादा. खऱ्या रिगवर शूटला कोणी उभं करणार नाही, आणि सुरक्षेचा विचार करता करूही नये. सेट म्हटला तर 15 हजारात एक जिना होईल. हेलिकॉप्टरचा तर तासाचा दर विचारूच नका.

---

कृष्णाकाठ
अबर्डीनकर, तुम्हाला जे माहीत आहे आणि आम्हाला कोणालाच माहीत नाही असं काय आहे त्या नोकरीत? रिग सोडून. मला तर उत्सुकता आहे की तुम्ही लोक जाता कसे, परत येता कसे, मधे काय करता.

---

अबर्डीनकर
मधे वाट बघतो, दुसरं काय. ईस्ट कोस्टला समुद्रावरून धुकं येतं, हार म्हणतात त्याला, भर उन्हाळ्यात सुद्धा, अर्ध्या तासात समोरची गाडी दिसत नाही. मग रिगवर नेणारं हेलिकॉप्टर उडत नाही. हेलिपोर्टला सगळे बसून राहतात, टीव्ही चालू, चहा, कोणी बोलत नाही, नाहीतर मग एकदम सगळंच बोलतात. परत बी अँड बी (घरगुती लॉज) वर जा, सकाळी पुन्हा या. एकदा एकजण होता, नवीन पोरगा, बायको पहिल्या बाळंतपणाला टेकलेली, त्याला जायचंच नव्हतं आणि धुकं हटू नये म्हणून तो खिडकीपाशी उभा होता, बाकीचे हटावं म्हणून.

---

जुना_प्रेक्षक
अहो हीच फिल्म आहे.

---

ठसका
काकांना मम. अंगावर काटा.

---

कृष्णाकाठ
बघा, आता हिशोब किती बदलला. एक बी अँड बी, सिझन संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे अख्खं भाड्याने घ्या, तिथेच शूट आणि तिथेच झोप, गाद्यांचा खर्च आणि लोकेशनचा खर्च एकच झाला. सहा-सात नट. वेटिंग रूम म्हणून एखादा कम्युनिटी हॉल चालेल. हेलिकॉप्टर फक्त ऐकू येऊ दे, ते मी तुम्हाला रेकॉर्ड करून देतो, ते माझं काम. आतल्या आत शूट म्हणजे वारा नाही आणि मिज नाहीत, मी तर आत्ताच तयार आहे.

टीकाराम ओरडायच्या आत, 15 हजारात सगळ्यांना किमान वेतन देऊन फार तर आठ-दहा दिवस मिळतील आणि क्रू पाच-सहा जणांचाच. म्हणून संवाद मोठे, लांब टेक, सेटअप (कॅमेरा-लाइट नव्याने लावणं) कमी, हे लिहितानाच ठरवा.

---

टीकाराम
ओरडत नाही. क्रू पाच, जेवण गरम, आणि सईताई म्हणाल्या त्या टॅक्स क्रेडिटचा अर्ज पहिल्या दिवसापासून डोक्यात. मग माझी हरकत नाही. जेवणावर वाचवू नका एवढंच, सँडविचवर आठ दिवस कोणी नीट काम करत नाही.

---

कृष्णाकाठ
आमच्याकडे मोठ्या पातेल्यात मसुराचं सूप असतं रोज, इकडे ते घराघरात होतं. मी एकदा त्यात लसणाची फोडणी घातली तर लाइटवाल्याने तीन वाट्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी मलाच चुलीपाशी पाठवायला निघाले, बूम कोण धरणार विचारलं तर म्हणे स्टँडला लाव.

---

मी_पुणेकर_नाही
भाषा काय ठेवणार अबर्डीनकर? तिकडची इंग्रजी म्हणजे मला तर सबटायटल्सशिवाय कळत नाही.

---

सई_एडिनबरा
तुम्हालाच काय, अमेरिकनांनाही नाही कळत. 'ग्रेगरीज गर्ल' अमेरिकेत लावताना सौम्य उच्चारात परत डब केली होती. केन लोचची 'स्वीट सिक्स्टीन' (2002), ग्रीनॉकची, इंग्रजी असून इंग्रजी सबटायटल्स घालून दाखवली. आणि त्यातल्या शिव्यांमुळे तिला यूकेत 18 चं सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे ज्या वयाच्या पोरांची गोष्ट आहे त्यांनाच बघता येईना. अवांतर, तिचा लेखक पॉल लॅव्हर्टी जन्माने कोलकात्याचा.

अबर्डीनची बोली तर अजून वेगळी, डॉरिक. मी म्हणेन ठेवा जशी आहे तशी. मराठी माणूस पोरीशी फोनवर मराठीत बोलेल, घरमालकीण डॉरिक बोलेल, पोलिश कुक पोलिश. सबटायटल्स टाका, डबिंगपेक्षा स्वस्त.

---

ठसका
आणि बनवल्यावर बघणार कोण? हा प्रश्न कोणीच विचारला नाही अजून.

---

सई_एडिनबरा
ग्लासगो फिल्म फेस्टिव्हल फेब्रुवारी-मार्चमधे, एडिनबराचं ऑगस्टमधे. एडिनबराचं 1947 पासूनचं, पण ते चालवणारी संस्था ऑक्टोबर 2022 ला बुडाली, आमचं फिल्महाउस थिएटर त्याच दिवशी बंद, लोकांनी पैसे जमवून जून 2025 ला परत उघडलं. आता फेस्टिव्हलही सावरलंय. निवड झाली तर थोडी वर्दळ होते, नाही झाली तर स्वतः गावोगाव घेऊन फिरायचं. हायलँड्स आणि बेटांवर स्क्रीन मशीन नावाचा ट्रक फिरतो, बाजू उघडल्या की आत 80 सीटांचं थिएटर, 1998 पासून. आपल्या जत्रेतल्या तंबू टॉकीजचीच जात.

---

जुना_प्रेक्षक
तंबूत खाली बसून बघितलेलं अजून आठवतं. तिकडे खुर्च्या आहेत म्हणायचं.

---

अबर्डीनकर
सगळ्यांचे आभार, सकाळपासून हेलिपोर्टवरच बसून वाचतोय, योगायोगाने. दोन शंका आहेत. कृष्णाकाठ, धुकं खरं घ्यायचं की मशीनचं? आणि तो पोरगा, त्याला विचारून लिहावं ना?

---

कृष्णाकाठ
पोराला आधी विचारा, कागदावर सही घ्या, आणि नाही म्हणाला तर त्याचं काम, गाव, बायको सगळं बदला, धुकं तेवढं ठेवा. खऱ्या धुक्याचे शॉट्स आत्तापासूनच काढून ठेवा, तुम्ही तिथेच राहता, फोनवर नको, कोणाचा तरी कॅमेरा आणि ट्रायपॉड घ्या आणि हार आला की खिडकीतून, गल्लीतून, बंदरावरून मिनिटभराचे स्थिर शॉट. मशीनचा धूर खोलीत ठीक, बाहेर वारा दोन मिनिटात उडवतो आणि बाटल्यांचा खर्च वाढतो. प्रत्येक शॉटला त्या जागेचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, धुक्यात आवाज वेगळा लागतो, तो नंतर कुठून आणणार. माइक कुठला घ्यायचा ते व्यनित लिहितो, इथे ब्रँडवरून भांडणं होतील.